चालीवर शब्द बसवताना

प्रिय मित्रा,

गीतकार व्हायचं तर कुणाचं काम अभ्यासू, असं विचारलंस. अमेरिकन गीतकार जॉनी मर्सरचं अभ्यास. सवाना, जॉर्जियाचा हा माणूस (1909–1976) बहुतेकदा तयार चालीवर लिहायचा, आपल्या सिनेगीतकारांसारखाच. चार ऑस्कर मिळाली, ती बाजूला ठेव. बसवण्याचं कसब बघ.

तेव्हाच्या अमेरिकन गाण्याचा रूढ साचा 32 बारचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट): आठ-आठ बारचे चार तुकडे, तिसऱ्याची चाल वेगळी. नवखा पहिल्या आठ बारमध्ये सगळं सांगून बसतो आणि तिसऱ्यात तेच दळण दळतो. चाल वळते तिथे मजकूरही वळवायचा: काळ बदल, नाहीतर समोरचा माणूस.

चाल हाती आली की आधी वाट्टेल त्या निरर्थक शब्दांनी भरून गा आणि लांब सुरांवर खुणा कर. तिथे ताणता येईल असा स्वर हवा. ‘त’ किंवा ‘प’वर आपटणारा शब्द टाकलास की गायकाचा सूर तुटलाच. ‘मून रिव्हर’चा (1961) पहिलाच सूर लांब, आणि त्यावर ‘मून’! हेन्री मॅन्सिनीने ती चाल अभिनेत्री ऑड्री हेपबर्नच्या बेताच्या आवाजासाठी बांधली होती. मर्सरने त्या चालीवर तीन वेगळे मसुदे लिहून दिले. गाण्यातली नदी आधी ‘मून’ नव्हे, ‘ब्लू रिव्हर’ होती. ते नाव आधीच वापरलेलं निघालं म्हणून बदललं. शीर्षकावर कॉपीराइट नसतो, तरीही. ‘डेज ऑफ वाइन अँड रोझेस’ (1962) तर अख्खं दोन वाक्यांत आहे. मला ते त्याचं सगळ्यात अवघड काम वाटतं: वाक्य संपत नाही, पण गायकाला दम मात्र जागच्या जागी घेता येतो.

आता पैसे. 1909च्या अमेरिकन कॉपीराइट कायद्याने दर रेकॉर्डमागे गाण्याला 2 सेंट मिळत. रिवाजाने निम्मे प्रकाशकाचे, उरलेले संगीतकार-गीतकारात वाटून. म्हणजे दहा लाख प्रती खपल्या तरी गीतकाराच्या हाती 5,000 डॉलर. गाणं रेडिओवर वाजलं की त्याचं मानधन ‘अ‍ॅस्कॅप’ ही संस्था वसूल करी, म्हणून वर्षानुवर्षं वाजणारं गाणंच पोसतं. मर्सरने 1942 मध्ये दोघांबरोबर कॅपिटल रेकॉर्ड्स ही रेकॉर्ड कंपनीही काढली.

आणि श्रेय चोरू नकोस. ओहायोतल्या एका बाईने पत्रातून गाण्याची कल्पना कळवली, तर मर्सरने त्या गाण्यावर सहलेखिका म्हणून तिचं नाव लावलं आणि रॉयल्टीत वाटाही दिला.

आपल्याकडे कॉपीराइट कायद्यातल्या 2012च्या दुरुस्तीनंतर सिनेगीताच्या रॉयल्टीतला गीतकाराचा वाटा निर्मात्याला लिहून देता येत नाही. करारात तसं कलम दिसलं तर सही थांबव. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी वसूल करणाऱ्या ‘आयपीआरएस’ या संस्थेचं सदस्यत्वही घेऊन ठेव.

तुझा,
काका