घरचा व्हिडिओ: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

बारसं, मुंज, गणपती यांचे घरी काढलेले व्हिडिओ कापून-जोडून ब्लॉगवर टाकण्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देत आहोत. सांगितलेल्या पायऱ्या शॉटकट आणि हँडब्रेक या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमच्या आहेत. दोन्ही विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतात.

मुंजीचं चित्रण दोन फोनवर केलं. जोडताना सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, पण दहा मिनिटांनी आवाज पुढे पळतो. काय चुकतंय? (सातारा)

तुमचं काही चुकलेलं नाही, ही फोनची खोड आहे. उजेड कमी झाला की फोन सेकंदाला ३० चित्रं घेण्याऐवजी कमी घेतो, उजेड आला की पुन्हा वाढवतो. म्हणजे फ्रेम रेट बदलता राहतो. संपादनाचा प्रोग्रॅम तो स्थिर धरून चालतो, आणि चुकलेला हिशेब साठत जातो. म्हणूनच पहिल्या मिनिटाला काही जाणवत नाही.

इलाज कापाकापीच्या आधी करायचा. मूळ फाइल हँडब्रेकमध्ये उघडा. व्हिडिओच्या पानावर एच २६४ निवडा, फ्रेम रेट ३० आणि त्याखाली ‘कॉन्स्टंट’. गुणवत्तेचा आकडा १८ ते २० ठेवा. तो जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. दोन्ही फोनच्या सगळ्या फाइल अशा करून घ्या आणि त्या प्रतींवरच काम करा. मूळ फाइल मात्र पुसू नका. शॉटकटही अशी फाइल ओळखतो आणि ‘संपादनाला सोयीची प्रत करू का’ असं विचारतो. घाईघाईत ‘नको’ म्हणू नका.

पुढच्या वेळी दोन्ही फोन सुरू झाल्यावर त्यांच्यासमोर एकदा जोरात टाळी वाजवा. आवाजाच्या आलेखात तिचं टोक लगेच दिसतं. दोन्ही टोकं एका रेषेत आणली की काम झालं.

दोन तासांचं चित्रण आहे. ठेवायचं किती? (डोंबिवली)

सहा ते आठ मिनिटं. नातेवाईक तोंडावर काही बोलणार नाहीत, पण त्याहून लांब असेल तर पुढे ढकलत बघतील. पंगत, फुलांची आरास, पाहुण्यांची ये-जा अशा शॉटना तीन ते पाच सेकंद भरपूर झाले. मातृभोजन, भिक्षावळ, आजीने दिलेला आशीर्वाद, म्हणजे जिथे माणसं बोलतायत तिथे मात्र कात्री आवरा. वाक्य पूर्ण होऊ द्या.

मंगलाष्टकांशी बहुतेकांची गाठ पडते आणि बहुतेक तिथेच अडकतात. चित्र बदललं की आवाजही तुटतो, अक्षता पडायच्या आत तीन ठिकाणी सूर उडी मारतो. ज्या फोनचा आवाज चांगला आहे त्याची क्लिप सलग ठेवा, तिच्यावर उजवी कळ दाबून ‘डिटॅच ऑडिओ’ निवडा. आवाज वेगळ्या पट्टीवर जाईल. आता खालचा आवाज अखंड राहू द्या आणि वर हवी ती चित्रं बदला: बटूचा चेहरा, अंतरपाट, मागे उभ्या मावश्या. दुसऱ्या फोनच्या क्लिपचा आवाज बंद करा.

कापण्यासाठी माउस फिरवत बसू नका. एस दाबलं की क्लिप दुभंगते. नको असलेला तुकडा निवडून एक्स दाबलं की तो जातो आणि मागचं पुढे सरकतं; झेड दाबलं तर जागा रिकामी राहते. वर चित्र आणि खाली सलग आवाज असताना झेडच बरा, नाहीतर सगळी जुळणी सरकते.

वडिलांच्या काळातल्या व्हीएचएस कॅसेटी दुकानातून डीव्हीडीवर करून आणल्या. हलणाऱ्या माणसांच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा येतात, चेहरेही रुंद दिसतात. (कोल्हापूर)

दोन वेगळे दोष आहेत. भारतात टीव्ही पाल पद्धतीचा होता: सेकंदाला २५ चित्रं, आणि प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत, एकदा विषम ओळी, एकदा सम. जुन्या टीव्हीवर ते अर्धे आलटून-पालटून येत. संगणक दोन्ही एकदम दाखवतो. मधल्या १/५० सेकंदात माणूस हललेला असतो, म्हणून कंगवा. हँडब्रेकमध्ये फिल्टरच्या पानावर डीइंटरलेस सुरू करा, ‘यादिफ’ निवडून त्यात ‘बॉब’ घ्या, आणि फ्रेम रेट ५० कॉन्स्टंट करा. २५ ठेवलात तर रेघा जातील, पण निम्मी हालचालही जाईल आणि नाच झटके खात दिसेल.

चेहरे रुंद होतात कारण जुनं चित्र ४:३ मापाचं, आणि कुणीतरी ते १६:९ मध्ये ताणलेलं. शॉटकटमध्ये क्लिपच्या प्रॉपर्टीजमध्ये गुणोत्तर ४:३ लिहा. बाजूला काळे पट्टे येतील, येऊ द्या. पट्टे नकोत म्हणून वरखाली कापलंत तर मुंडावळ्या आणि पाय दोन्ही जातील. तळाशी जी वळवळणारी पट्टी दिसते ती टेपमध्ये असतेच, टीव्हीच्या चौकटीआड झाकली जायची. खालच्या ८ ते १२ ओळी कापून टाका.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट असेल तर ती एनटीएससी, सेकंदाला २९.९७ चित्रांची, तिच्यासाठी ५० ऐवजी ५९.९४ घ्या. आणि कोकणातल्या घरात पडून राहिलेल्या कॅसेटच्या टेपवर पांढरी भुकटी दिसत असेल तर ती व्हीसीआरमध्ये घालूच नका. ती बुरशी असते, हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटींवरही जाते. आधी साफ करून घ्या.

ट्यूबलाइटखाली काढलेल्या व्हिडिओत पट्टे सरकतात. (नागपूर)

आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आयफोनच्या कॅमेरा सेटिंग्जमध्ये पाल फॉरमॅट दाखवण्याचा पर्याय आहे, तो सुरू करून २५ फ्रेम घ्या. एकदा आलेले पट्टे नंतर नीट जात नाहीत.

मराठी शीर्षकात वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते, जोडाक्षरं फुटतात. (बेळगाव)

आधी फाँट तपासा. डीटीपीसाठी वापरले जाणारे जुने फाँट युनिकोड नसतात, ते इथे कामाचे नाहीत. मुक्त किंवा बलू घ्या, दोन्ही फुकट आहेत. मग ‘दुसऱ्या भक्तिगीताचा कार्यक्रम’ एवढं लिहून बघा; रफार, अर्धा र आणि वेलांटी तिन्ही एकदम तपासली जातात. तरीही फुटत असेल तर प्रोग्रॅमलाच देवनागरीची जुळणी जमत नाही. त्याच्याशी भांडू नका. इंकस्केप या चित्रं काढण्याच्या फुकट प्रोग्रॅममध्ये १९२० x १०८० मापाचं शीर्षक करा, पारदर्शक पीएनजी काढा आणि वरच्या पट्टीवर ठेवा. सबटायटलची एसआरटी फाइल जतन करताना यूटीएफ-८ निवडा, नाहीतर सगळी प्रश्नचिन्हं येतील.

ब्लॉगवर फाइल चढवताना मध्येच अडकते. आणि लेकरांचे व्हिडिओ असे उघड टाकावेत का? (पुणे)

फाइल थेट ब्लॉगवर चढवू नका. १०८० ओळींच्या चित्रासाठी ८ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ८ मेगाबिट, पुरतो. ८ बिटांचा एक बाइट, म्हणून सेकंदाला १ एमबी, दहा मिनिटांचे ६०० एमबी. एमपी४, एच २६४ आणि एएसी आवाज असा एक्स्पोर्ट करून यूट्यूबवर चढवा आणि तिथला एम्बेड कोड ब्लॉगच्या एचटीएमएल दृश्यात चिकटवा. पंधरा मिनिटांहून लांब असेल तर आधी फोन नंबरने खातं पडताळावं लागतं.

‘प्रायव्हेट’ ठेवलेला व्हिडिओ ब्लॉगवर दिसत नाही, ‘अनलिस्टेड’ (शोधात न येणारा, पण लिंक असेल त्याला दिसणारा) दिसतो. पण एक गोम आहे: अनलिस्टेड व्हिडिओ उघड्या ब्लॉगवर लावला की तो उघडच झाला. मुलांचं असेल तर वर्डप्रेसच्या त्या नोंदीला पासवर्ड लावा, किंवा ब्लॉगरवर वाचक ठरावीक ईमेलपुरते मर्यादित करा. शाळेचा बिल्ला आणि घराची पाटी दिसणारे शॉट काढून टाका. कॅमेऱ्यात स्थळाची नोंदही बंद ठेवा. घरच्या चार जणांनाच पाठवायचं असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. २ जीबीपर्यंत जातं आणि चित्र पिचकत नाही.

मागे स्पीकरवर सिनेमाचं गाणं वाजत असेल तर हक्काचा दावा येऊ शकतो. बहुतेकदा व्हिडिओ टिकतो, पण जाहिराती लागतात किंवा काही देशांत तो दिसत नाही. यूट्यूब स्टुडिओत तेवढंच गाणं पुसण्याचा किंवा तो भाग गप्प करण्याचा पर्याय असतो.

फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवलं आणि शॉटकटमधलं सगळं काम गेलं. (लातूर)

गेलेलं नाही. शॉटकट तुमचं काम ज्या एमएलटी फाइलमध्ये जतन करतो, तिच्यात व्हिडिओ नसतो, फक्त कुठली फाइल कुठून कुठपर्यंत घ्यायची एवढी यादी असते. क्लिपा जुन्या जागी परत ठेवा, किंवा उघडताना विचारलं की नवी जागा दाखवा. मात्र क्लिपांची नावं बदलली असतील तर ती आधी पहिल्यासारखी करून घ्या.