वाचकांचे प्रश्न : कोर प्रतिपदेची की बीजेची?

प्रश्न : शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेत ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ (प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणे) असे शब्द आहेत. आमच्या घरी मात्र अमावास्येनंतरची पहिली कोर ही ‘बीजेची कोर’ म्हणूनच ओळखली जाते. पंचांगात ‘चंद्रदर्शन’ हा शब्द कधी पाडव्याच्याच दिवशी, तर कधी दुसऱ्या दिवशी छापलेला आढळतो. कोर नेमकी कोणत्या तिथीला दिसते? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ‘तिथी’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो आणि गोंधळाचे मूळ तिथेच आहे. सूर्य आणि चंद्र यांच्यातील आकाशातले कोनीय अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी संपते, हा तिथीचा गणिती अर्थ झाला. तिला लागणारा वेळ चंद्राच्या गतीनुसार सुमारे २० तासांपासून २६ तासांहून अधिक इतका बदलतो आणि ती दिवसाच्या कोणत्याही प्रहरी संपू शकते. व्यवहारात मात्र सूर्योदयाला जी तिथी असेल तीच आपण दिवसभर धरतो. कोर दिसते ती सूर्यास्तानंतर, म्हणून सकाळी प्रतिपदा असलेल्या दिवशी कोर पाहताना प्रत्यक्षात द्वितीया लागलेली असणे सहज शक्य आहे.

२०२५ च्या गुढीपाडव्याला नेमके हेच घडले. अमावास्या २९ मार्चला दुपारी साडेचारच्या सुमारास संपली. ३० तारखेला सूर्योदयाला प्रतिपदा होती म्हणून गुढ्या त्या दिवशी उभारल्या गेल्या, पण दुपारी १२ वाजून ४९ मिनिटांनी द्वितीया सुरू झाली. त्या संध्याकाळी पुण्यात सूर्य मावळला तेव्हा चंद्र सव्वीस तासांचा झाला होता (हे वय अमावास्या संपल्यापासून मोजतात) आणि सूर्यापासून सुमारे १५ अंश दूर गेला होता. सिंधी बांधवांचा नववर्षाचा सण चेटीचंड त्याच दिवशी होता, आणि त्याच संध्याकाळी चंद्र दिसल्याने ३१ मार्चला देशात ईद झाली. एकच कोर, आणि तिच्याकडे डोळे लावून बसलेली किती घरे!

आता २०२४ चा पाडवा पाहा. अमावास्या ८ एप्रिलला मध्यरात्रीच्या जरा आधी संपली आणि प्रतिपदा ९ एप्रिलला रात्री साडेआठपर्यंत होती. सूर्यास्ताला चंद्र एकोणीस तासांचा होता आणि अंतर जेमतेम ११ अंश होते. देशाच्या बहुतेक भागांत त्या संध्याकाळी चंद्र दिसला नाही आणि ईद ११ एप्रिलला झाली. पाडवा दोन्ही वर्षी पाडवाच होता, पण एका वर्षी संध्याकाळी पश्चिमेला कोर होती आणि दुसऱ्या वर्षी बहुतेकांना रिकामे आकाश पाहावे लागले.

कोर दिसण्याची जुनी कसोटी सूर्यसिद्धान्तात दिलेली आहे : चंद्राचे कालांश, म्हणजे सूर्य आणि चंद्र मावळण्यामधला वेळ अंशांत मोजून, १२ असावेत. एका कालांशाची चार मिनिटे धरली, तर सूर्यास्तानंतर किमान ४८ मिनिटांनी, म्हणजे दोन घटकांनी, चंद्र मावळला पाहिजे. हा नियम निरीक्षणातून आलेला असल्याने त्याला गणिताचे काटेकोरपण नाही, आणि सरावलेली नजर निरभ्र आकाशात यापेक्षाही कोवळी कोर टिपू शकते. तरीही अंतर ७ अंशांच्या आत असेल तर कोर दिसणे जवळजवळ अशक्य असते, असे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दांजाँ यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले.

कालांश आणि अंश एकच नव्हेत, हे येथे लक्षात ठेवावे. फाल्गुन-चैत्रात सूर्यास्ताच्या वेळी क्रांतिवृत्त (सूर्याचा आकाशातील वार्षिक मार्ग) आपल्याकडील पश्चिम क्षितिजावर जवळजवळ सरळ उभे असते, त्यामुळे चंद्राने मिळवलेले सगळे अंतर उंचीच्या रूपाने आपल्या पदरात पडते. भाद्रपद-आश्विनात तेच वृत्त क्षितिजाशी पन्नास अंशांपेक्षाही कमी कोन करते, आणि १२ अंश दूर असलेला चंद्रही कधी कधी चाळीस मिनिटांच्या आत मावळतो. चंद्र क्रांतिवृत्ताच्या उत्तरेला आहे की दक्षिणेला, यानेही फरक पडतो. कोरीची ठेवणही याच कारणाने बदलते : वसंतात ती होडीसारखी आडवी दिसते, तर शरदात एका अंगावर कललेली. कोरीचे कोणते टोक किती उंच असेल याचे गणित आपल्या ज्योतिर्गणितात ‘शृंगोन्नती’ या स्वतंत्र प्रकरणात करतात.

तेव्हा बीजेची कोर म्हणणारे आपले घर निरीक्षणाच्या बाजूने बरोबर आहे. राजमुद्रेचा कवीही चुकलेला नाही. प्रतिपदा जिथे संपते तोच १२ अंशांचा काठ असल्याने प्रतिपदेची लेखा ही दिसण्या-न दिसण्याच्या सीमेवरची असते. ‘वर्धिष्णु’ (वाढत जाणारी) या विशेषणाला यापेक्षा नेमके उपमान सापडणे कठीण. त्यापुढचा शब्द ‘विश्ववंदिता’ (जगाने वंदिलेली) हा आहे. लोक नव्या कोरीला हात जोडतात, हा रिवाज त्या कवीने गृहीतच धरलेला दिसतो. (जाता जाता : ज्या दिवशी चंद्र मुळीच दिसत नाही त्या अमावास्येला आपण ‘दर्श’ म्हणतो. अमरकोशाने ‘दर्शः सूर्येन्दुसंगमः’ असा त्याचा अर्थ दिला आहे. तिथे भेट सूर्य-चंद्रांची आहे, आपली नाही.)

प्रश्न : पंचांगात चंद्रदर्शनापुढे ‘मु. ३०, साम्यार्घ’ असे काहीतरी असते. हा मुहूर्त म्हणजे चंद्र पाहण्याची वेळ समजावी काय? (एक वाचक, लातूर)

उत्तर : नाही. हा आकडा वेळ सांगत नाही, चंद्रदर्शनाच्या नक्षत्राचा वर्ग सांगतो. आज आपण सत्तावीसही नक्षत्रे सारख्या लांबीची मानतो, पण एका जुन्या पद्धतीत ती तीन मापांची होती. भरणी, आर्द्रा, आश्लेषा, स्वाती, ज्येष्ठा आणि शततारका ही सहा नक्षत्रे १५ मुहूर्तांची. रोहिणी, पुनर्वसू, विशाखा आणि तिन्ही उत्तरा ही सहा ४५ मुहूर्तांची. उरलेली पंधरा ३० मुहूर्तांची, म्हणजे पूर्ण अहोरात्राची. वर सांगितलेल्या ३० मार्च २०२५ च्या दिवशी आधी रेवती आणि मग अश्विनी नक्षत्र होते. दोन्ही ३० मुहूर्तांचीच, म्हणून तो दिवस ‘साम्यार्घ’ ठरतो.

‘अर्घ’ म्हणजे किंमत. ४५ मुहूर्तांच्या नक्षत्रावर चंद्र दिसला तर समर्घ, म्हणजे स्वस्ताई. १५ वर दिसला तर महर्घ, म्हणजे महागाई. ३० वर दिसला तर भाव स्थिर, असे हे महिन्याचे बाजारभाकीत आहे. आपला ‘महाग’ हा शब्दही ‘महार्घ’ याच शब्दापासून आला आहे. आपल्या भागात सोयाबीन आणि तूर घरात ठेवून भावाची वाट पाहणारे अनेक जण असतील, म्हणून स्पष्ट सांगतो : या आकड्यावरून माल विकण्याचा किंवा अडवून ठेवण्याचा निर्णय घेऊ नये. देशभराच्या पंचांगांत एकाच दिवशी तोच वर्ग येतो, भाव मात्र शेजारच्या दोन बाजार समित्यांतही सारखे नसतात. धान्याच्या भावाची काळजी आकाशापर्यंत पोहोचवणाऱ्या समाजाची खूण म्हणून या नोंदीचे मोल आहे, आणि माझ्या मते तेवढेच.

प्रश्न : माझी आजी बीजेच्या कोरीला पदराची दशी (सुटा धागा) वाहून ‘जुनं घे, नवं दे’ असे म्हणत असे. मी अमेरिकेत न्यू जर्सीला राहते. महाराष्ट्रातील पंचांगाची तारीख येथे चालेल काय? (एक वाचक)

उत्तर : दर वेळी चालेलच असे नाही, आणि बदल झाला तर तो बहुधा आपल्या फायद्याचा असतो. न्यू जर्सीत सूर्य मावळतो तो महाराष्ट्रानंतर नऊ-दहा तासांनी, आणि तेवढ्या वेळात चंद्र सूर्यापासून आणखी पाच-सहा अंश दूर सरकलेला असतो. ९ एप्रिल २०२४ च्या संध्याकाळी एकोणीस तासांची कोर येथे बहुतेकांच्या दृष्टीस पडली नाही. त्याच तारखेला न्यू जर्सीच्या सूर्यास्ताला ती एकोणतीस तासांची होती, आणि आकाश मोकळे असेल तर सहज दिसण्याजोगी होती. म्हणून येथे छापलेल्या तारखेच्या आदल्या संध्याकाळीही पश्चिमेला नजर टाकावी, किंवा आपल्या गावासाठी केलेले पंचांग वापरावे.

दशीसाठी शास्त्रवचन शोधण्याची गरज नाही. हा घरातल्या बायकांनी चालवलेला रिवाज आहे. दर महिन्याला नवा होणाऱ्या चंद्राकडे नवे वस्त्र मागावे, ही कल्पना ‘नवो नवो भवति जायमानः’ म्हणणाऱ्या ऋग्वेदातील ऋचेच्या जवळची आहे. सूर्य पूर्ण मावळल्यानंतर पंचवीस-तीस मिनिटांनी, जिथे तो मावळला त्या जागेच्या वरच्या बाजूला शोधावे. दुर्बीण वापरायची असल्यास सूर्य क्षितिजाखाली गेल्याची खात्री आधी करून घ्यावी. भाऊ नसलेल्या बहिणी भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. आपल्या घरी तीही पद्धत असेल, तर दिवाळीत ही कोर खाली आणि नैर्ऋत्येकडे झुकलेली असते, आणि आपल्या अक्षांशावर ती महाराष्ट्रातल्यापेक्षाही लवकर मावळते, हे ध्यानात ठेवून निरांजन आधीच लावून ठेवावे.