लेकीला परराष्ट्र धोरणाचं वेड लागलंय, काय करू?

प्रश्न : आम्ही डिचोलीचे. मुलगी टीवायबीएला, राज्यशास्त्र घेऊन. मे २०२३ मध्ये बाणावलीला शांघाय सहकार्य संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक झाली. ती टीव्हीवर बघितल्यापासून ‘आंतरराष्ट्रीय संबंध’ हाच धोशा. तिचे बाबा म्हणतात, बी.एड. कर आणि शाळेत लाग. एक खासगी विद्यापीठ दोन वर्षांचे काही लाख मागतंय. भरावेत का?

उत्तर : ताई, नमस्कार. पैसे आत्ता भरू नका, आणि बी.एड.चा विषयही घटकाभर बाजूला ठेवा. आधी लेकीला एक काम द्या.

ऑक्टोबर २०१६ मध्ये ब्रिक्सची (ब्राझील, रशिया, भारत, चीन आणि दक्षिण आफ्रिका यांच्या गटाची) शिखर परिषद आपल्याकडेच झाली. तिचा ‘गोवा जाहीरनामा’ आणि पुढच्या वर्षीचा चीनमधल्या शियामेनचा जाहीरनामा, दोन्ही इंटरनेटवर फुकट मिळतात. दहशतवादावरचे परिच्छेद शेजारी शेजारी ठेवून वाचायला सांगा. गोव्यात यजमान आपण, उरीच्या हल्ल्याला महिनाही झाला नव्हता, तरी लष्कर-ए-तैयबा आणि जैश-ए-मोहम्मद ही नावं त्यात नाहीत. शियामेनला, पाकिस्तानचा मित्र असलेल्या खुद्द चीनच्या अंगणात, ती आली. का? यावर तिनं मराठीत दोन पानं लिहावीत. दोन दिवसांत कंटाळली, तर तिला झेंडे आणि गाड्यांचे ताफे आवडलेत. २०१७ मध्ये डोकलामला भारत आणि चीनचं सैन्य समोरासमोर ठाकलं होतं, तिथपर्यंत माग काढत गेली, तर मात्र तिला अडवू नका. या विषयात रोजचं काम हेच : कुठला शब्द आला, कुठला गळला.

‘प्रादेशिक एकात्मीकरण’ हा पुस्तकी शब्द ऐकून घाबरू नका; शेजारी देशांनी एकमेकांसाठी दारं उघडायची, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडच्या कितीतरी घरांतली मुलं पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडात स्विंडनला पोचली, ती पोर्तुगाल १९८६ साली युरोपीय समुदायात गेला म्हणून. ब्रेक्झिट झालं, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं, आणि २०२० सरता सरता ती वाट नव्या लोकांना बंद झाली. इकडे सार्कची, म्हणजे दक्षिण आशियातल्या देशांच्या संघटनेची, शेवटची शिखर परिषद काठमांडूला झाली, २०१४ साली. तिकडे माणसं सीमा ओलांडून कामाला जातात, इकडे नेते एका टेबलाशी बसत नाहीत. एम.ए.चा प्रबंध यावर सहज उभा राहील, आणि गोव्याच्या मुलीला त्यासाठी माणसं शोधत दूर जावं लागणार नाही.

आता पोटापाण्याचं. परराष्ट्र सेवेत जागा मोजक्या आणि वाट यूपीएससीची. सगळी भिस्त त्या परीक्षेवर ठेवू नका. एम.ए.नंतर नेट ही पात्रता परीक्षा देऊन प्राध्यापकी, अभ्याससंस्थांत संशोधन साहाय्यक (बहुधा कंत्राटी, पगार बेताचा), पत्रकारिता, हे रस्ते आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातल्या इंटर्नशिपला विद्यावेतन नसतं, हे माहिती पुस्तिका रंगवून दाखवणारे सहसा सांगत नाहीत. जोडीला भाषा हवीच. ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकता येते. ब्राझील, अंगोला, मोझांबिक या देशांशी त्या भाषेत बोलणारी माणसं भारतात फार नाहीत.

बाबांचं चुकत नाही, पण बी.एड. दोन वर्षांनीही करता येईल. खासगी विद्यापीठाआधी दिल्लीचं जेएनयू हे सरकारी विद्यापीठ बघा. तिथली फी तुम्हाला झेपेल आणि प्रवेश सीयूईटी-पीजी या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेतून होतो. त्या परीक्षेचे अर्ज हिवाळ्यातच निघतात. शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागल्यावर बघू म्हणाल, तर वर्ष गेलं.