कोलोरॅडोत धनुष्यबाणाने एल्कची शिकार करायची तर सप्टेंबरचा कोणता आठवडा धरावा?

तुमचा प्रश्न असा : सप्टेंबरमध्ये सात दिवसांची सुट्टी मिळेल, सोबत एक मित्र आहे, दोघांकडे कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं) धनुष्य आहे. एल्क या उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या हरणाचा माज ऐन भरात असेल तो आठवडा कोणता?

ऐन भराचा आठवडा साधारण १७ ते २४ सप्टेंबर. पण तुम्ही जा ९ ते १६ मध्ये. ते जमत नसेल तर २३ ते ३०. असं का, ते सांगतो.

भारतात १९७२ च्या कायद्यानंतर शिकार बंद झाली, त्यामुळे शिकारीची भाषा आपल्याकडे फारशी उरली नाही. पण गोठ्याची भाषा आहे, आणि इथे तीच कामाला येते. एल्कची मादी गाईसारखीच सुमारे २१ दिवसांच्या फेऱ्यात माजावर येते आणि जेमतेम एखादा दिवस माजावर राहते. फळली नाही तर उलटते, म्हणजे पुन्हा माजावर येते, म्हणून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नरांच्या आरोळ्या ऐकू येतात. बहुतेक माद्या सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास फळतात. हे ठरतं दिवसाच्या लांबीवरून, थंडीवरून नाही आणि पौर्णिमेवरूनही नाही. आठ महिन्यांहून थोडी जास्त गर्भावस्था, म्हणजे पाडस मे अखेर ते जूनमध्ये, कोवळ्या गवताच्या दिवसांत. म्हणून तारखा दरवर्षी जवळपास त्याच राहतात. ‘यंदा ऊन जास्त, माज लांबला’ हे ऐकाल तेव्हा विश्वास ठेवू नका. ऊन असलं की नर रात्री ओरडतात आणि सकाळी आठलाच दाट सावलीत जाऊन बसतात, इतकंच.

आता मुद्दा. तुम्ही मादीचा खोटा आवाज काढणार आणि नर त्या आवाजावर येणार, असा बेत असेल तर नर एकटा हवा. ९ ते १६ च्या सुमारास नर माद्यांच्या शोधात फिरत असतात, पण माजावर आलेल्या माद्या अजून थोड्याच. त्यामुळे एक हलकी साद त्याला ओढून आणते. ऐन भरात मोठ्या नराजवळ दहा-पंधरा माद्या असतात. तुमच्या आवाजासाठी तो त्यांना सोडून येत नाही, उलट सगळ्यांना हाकत दूर नेतो. शिवाय तेवढ्या सगळ्या नाकाडोळ्यांना चुकवत ६०-७० यार्डांत शिरायचं. ते जमलं तर आव्हानाची आरोळी दिल्यावर तो चालून येतो, पण नवख्याला ते क्वचित साधतं. कळपाच्या कडेने घुटमळणारे तरुण नर मात्र तेव्हाही येतात.

दुसरं कारण गर्दीचं. धनुष्याचा हंगाम २ ते ३० सप्टेंबर, आणि त्यातच साधारण दुसऱ्या शनिवारपासून नऊ दिवस ठासणीच्या बंदुकांचा हंगाम चालतो. त्या दिवसांत एल्क दाट जंगलात सरकतात. ९ ते १६ मधले शेवटचे काही दिवस त्यात येतातच, तेव्हा चालताना अंगावर भगवं जाकीट ठेवा. शेवटच्या आठवड्यात बंदुका गेलेल्या असतात, पण एल्क खोटे आवाज ऐकून सावध झालेले असतात, म्हणून साद अगदी कमी द्या.

पहिल्याच आठवड्यात जावं लागलं तर साद विसरा. नरांच्या शिंगांवरची मखमल ऑगस्टमध्येच गळलेली असते, पण ते अजून चारा-पाणी आणि चिखलात लोळण्याच्या जागा धरून असतात. ताजा चिखल उडालेलं, लघवीचा उग्र वास येणारं डबकं शोधा आणि दुपारी दोनपासून वाऱ्याखाली, म्हणजे डबक्याकडून वारा तुमच्याकडे येईल अशा बाजूला, गप्प बसा.

वारा हा तारखेपेक्षाही मोठा विषय आहे. टाल्कम पावडरची छोटी बाटली खिशात ठेवा आणि दर दोन मिनिटांनी चिमूटभर उडवा. पहाटे गार हवा उताराने खाली वाहते, तेव्हा तुम्ही एल्कच्या खाली हवेत. नऊ-दहाला उतारावर ऊन पडलं की हवा वर चढायला लागते, तेव्हा वरून किंवा त्यांच्या पातळीतून आडवं या. या दोन्हींच्या मधला अर्धा-पाऊण तास हवा गोल फिरते. तेव्हा जवळ जाऊ नका, बसून राहा. बहुतेक संधी याच अर्ध्या तासाच्या उतावीळपणात जातात.

दोघं असाल तर बाण मारणारा पुढे, साद देणारा त्याच्या ४०-६० यार्ड मागे. नर सरळ येत नाही. वास घ्यायला वाऱ्याखालून वळसा घालतो, म्हणून नेमबाज त्या बाजूला थोडा सरकलेला हवा. झाडाच्या मागे उभं राहू नका, पुढे राहा. मागे राहिलात तर धनुष्य वळवायला जागा राहत नाही. नराचं डोकं खोडाआड गेलं की दोरी ओढा. मादी दिसावी अशा जागी ती दिसली नाही तर तो तिथेच थबकतो, म्हणून साद देणाऱ्याने उघड्यावर नव्हे, वळणाआड किंवा झुडपाआड बसावं.

कमीत कमी ३५ पौंडांचं (म्हणजे दोरी ओढायला तेवढा जोर लागणारं) धनुष्य कायद्याला चालतं. एल्कसाठी मी ५० च्या खाली सुचवणार नाही. जनावर पूर्ण आडवं किंवा तुमच्यापासून किंचित पलीकडे वळलेलं असेल तरच बाण सोडा, समोरून नाही. फुप्फुसाला लागला तर अर्धा तास थांबा, यकृताला लागला असं वाटलं तर चार ते सहा तास.

परवान्याचं आधी बघा. राज्याबाहेरच्या शिकाऱ्यांना २०२५ पासून, राज्यातून उत्तर-दक्षिण जाणाऱ्या आय-२५ महामार्गाच्या पश्चिमेला, धनुष्याचा एल्क परवाना सोडतीतूनच मिळतो आणि अर्जाची मुदत एप्रिलच्या सुरुवातीला संपते. शिकारी प्रशिक्षणाचं कार्डही लागतं.

आणि सप्टेंबरची दुपार २५ अंशांना जाते, हे लक्षात ठेवा. मोठा नर ३०० किलोंचा. कातडी लगेच उतरवा, मागचे पाय हाडापर्यंत मोकळे करा, कारण मांस नासायला सुरुवात मांडीच्या हाडापासून होते. सुती पिशव्यांत भरून सावलीत टांगा. पाठीवरून चार-पाच खेपा होतात, त्यामुळे गाडीपासून तीन-चार मैलांच्या पलीकडे बाण सोडण्याआधी ते वजन दोघांना वाहता येईल का, हे ठरवा.