कॅन्सरचा रिपोर्ट आलाय, तिसरी स्टेज. प्रार्थनेला बसलं की देवाचा राग येतो. आधार कुठे शोधू?

ताई, तुम्ही लिहिलंय की परवा रिपोर्ट आला, लहानपणापासून देवाला मानत आलात आणि आता डोळे मिटले की नुसता राग येतो, वर घरातले सगळे सारखं पॉझिटिव्ह राहा पॉझिटिव्ह राहा म्हणतायत आणि रात्री तुम्ही नेटवर आकडे बघत बसता. हे वाचून मला हसू आलं, राग मानू नका, चार वर्षांपूर्वी माझं अगदी हेच चाललं होतं.

माझा लिम्फोमा होता, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर, त्यातल्या बी सेल नावाच्या पेशींचा, भराभर वाढणारा प्रकार. मानेला गाठ आली, दुखत नव्हती म्हणून दोन महिने लक्षच दिलं नाही, मग बायोप्सी, मग पेट स्कॅन, आणि त्यात कळलं की बोन मॅरोपर्यंत, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजापर्यंत गेलंय म्हणजे चौथी स्टेज. डॉक्टर पुढे पंधरा-वीस मिनिटं तरी बोलत होते पण "चौथी" या शब्दानंतरचं मला एक अक्षर आठवत नाही, बायकोलाही नाही. पुढच्या भेटीला मोठा भाऊ सोबत आला, दादाचा स्वभाव कोरडा आहे, तो वही काढून बसला आणि सगळं लिहून घेतलं. घरी येऊन वाचलं तर लिहिलेलं होतं, लिम्फोमातली चौथी स्टेज आणि इतर कॅन्सरमधली चौथी स्टेज यात फार फरक आहे, इथे औषध रक्तातून अंगभर फिरतं, चौथ्या स्टेजचेही बरेच पेशंट पूर्ण बरे होतात. हे म्हणे पहिल्या दिवशीच सांगितलं होतं! म्हणजे आठवडाभर आम्ही घरात जे रडलो ते एका अर्धवट ऐकलेल्या वाक्यावर. तर पहिलं काम हे करा, तुमच्या प्रकारात तिसरी म्हणजे नेमकं काय आणि उपचार बरं करण्यासाठी आहेत की आटोक्यात ठेवण्यासाठी, हे सरळ विचारा, आणि सोबत असा माणूस न्या जो रडणार नाही. नाहीतर डॉक्टरांना विचारून फोनवर रेकॉर्ड करा, बहुतेक जण नाही म्हणत नाहीत.

आता रागाचं. मी अकाउंट्सचा माणूस. आयुष्यभर जमाखर्च मांडला आणि मला नंतर कळलं की देवाशीही मी तेच करत होतो. कुणाचं वाईट केलं नाही, कुणाचे पैसे बुडवले नाहीत, रोज न चुकता प्रार्थना, म्हणजे माझ्या खात्यात भरपूर जमा आहे असं मी धरून चाललो होतो आणि अचानक एवढा खर्च पडल्यावर मी वरच्या माणसाकडे स्टेटमेंट मागायला लागलो. दोन महिने प्रार्थना बंद केली. आई गपचूप माझ्या वाटणीची करायची, मला ऐकू यायचं आणि मी मुद्दाम टीव्हीचा आवाज वाढवायचो. आज लाज वाटते, पण तेव्हा तसंच वाटत होतं.

त्यात ते "मी काय पाप केलं" सुरू झालं. याच्यावर मला उतारा अगदी अनपेक्षित ठिकाणी मिळाला, केमोच्या खुर्चीत. तिथल्या एका तरुण डॉक्टरला मी सहज विचारलं की हे झालंच कसं, तर त्याने सांगितलं की आपल्या बी सेल नवनव्या जंतूंसाठी नवनवी अँटीबॉडी बनवतात आणि त्यासाठी स्वतःच्या डीएनएमध्ये मुद्दाम कापाकापी, जोडाजोडी करतात, आपण जिवंत राहतो ते त्यामुळेच. हे काम शरीरात आयुष्यभर चालू असतं आणि कधीतरी एखादा जोड चुकतो, या जातीचे बरेच लिम्फोमा असे सुरू होतात. मी त्या दिवशी घरी आलो आणि बऱ्याच दिवसांनी शांत झोपलो. ज्या कामामुळे मी लहानपणापासून प्रत्येक तापातून उठलो त्याच कामात एक चूक झाली, यात शिक्षा कुठेच नव्हती. तुमचा कॅन्सर वेगळा असेल, कारणं वेगळी असतील, पण तुमच्या डॉक्टरांना हा प्रश्न जरूर विचारा, "का" चं उत्तर देवाकडे मागत बसण्याआधी शरीराकडे मागितलं की निम्मं ओझं उतरतं असं माझं मत.

प्रार्थनेने बरं होतं का, हाही तुमचा प्रश्न असेलच, मनात तरी. मी आकड्यांचा माणूस म्हणून शोधलं. २००६ साली अमेरिकेत हार्टच्या बायपासच्या १८०२ पेशंटवर केलेला अभ्यास छापून आला, काहींसाठी अनोळखी लोकांकडून प्रार्थना करवली, काहींसाठी नाही. फरक पडला नाही. उलट ज्यांना पक्कं माहीत होतं की आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे त्यांच्यात ५९ टक्के लोकांना ऑपरेशननंतर काही ना काही त्रास झाला, आणि ज्यांच्यासाठी प्रार्थना होत होती पण त्यांना नक्की माहीत नव्हतं त्यांच्यात ५२ टक्के. आईला सांगितलं तर ती म्हणाली, देव काय तुमच्या परीक्षेला बसलाय का. मला हे उत्तर त्या अभ्यासापेक्षा जास्त आवडलं, खरं सांगतो. पण त्या आकड्याने माझं एक काम केलं, प्रार्थना म्हणजे औषधाचा डोस नाही हे डोक्यात बसलं आणि मग "एवढी प्रार्थना करून रक्तातल्या पेशींचे काउंट का पडले" हे भांडण मिटलं.

श्रद्धा परत आली ती भांडणातूनच आली. माझ्या केमोत दर एकवीस दिवसांनी एक सायकल, अशा सहा, आणि प्रत्येक सायकलच्या पहिल्या पाच दिवसांत स्टेरॉइडच्या गोळ्या, त्या गोळ्यांनी झोप पार उडते. रात्री तीनला सगळं घर झोपलेलं आणि मी टक्क जागा, बोलायला कोणी नाही, म्हणून त्याच्याशीच बोलायला लागलो, बोलणं कसलं, शिव्याच. मोठ्याने नाही, पुटपुटत. चौथ्या सायकलच्या सुमारास एका रात्री लक्षात आलं की ज्याच्यावर विश्वास उडालाय म्हणतो त्याच्याशी मी रोज तासभर भांडतोय, मग विश्वास उडाला कुठे. त्यानंतर मागणं बदललं. आधी साकडं असायचं, मला बरं कर, मुलीचं लग्न बघू दे, मग ते लहान लहान होत एवढंच उरलं की आजची रात्र काढून दे. ती मात्र दर वेळी निघायची. तेवढीच आहे माझी श्रद्धा आजही, फार मोठी नाही. तुमची परत येईल की नाही मला माहीत नाही, नाही आली तरी तुम्ही काही गुन्हा केलेला नसेल. पण राग येतो म्हणून प्रार्थनेपासून उठू नका, रागातच बसा, वाटल्यास काही म्हणू नका.

पॉझिटिव्ह राहा वाल्यांसाठी एक आकडा देतो, घरात वाचून दाखवा. डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या १०९३ पेशंटवरचा अभ्यास २००७ मध्ये आला, त्यात पेशंटची मनःस्थिती चांगली की वाईट याचा तो किती जगतो याच्याशी काही संबंध सापडला नाही. हे वाचून लोक निराश होतात, मला तर सुटल्यासारखं झालं, म्हणजे एक दिवस रडलो तर ट्यूमर वाढणार नाही, रडायला मोकळीक! लोकांचा हेतू वाईट नसतो, त्यांना तुमच्यासमोर काय बोलावं कळत नाही आणि तुमचं दुःख बघवत नाही म्हणून ते वाक्य येतं. मात्र पंधरा दिवस सलग काहीच नकोसं वाटतंय, खाणं-झोप बंद, जगूच नये असे विचार येतायत असं झालं तर ती श्रद्धेची कमतरता नाही, तो वेगळा आजार आहे, त्यालाही औषध असतं, कॅन्सरच्या डॉक्टरलाच सांगा आणि जीव नकोसा झाला असेल तर त्याच दिवशी सांगा. मी तिसऱ्या सायकलनंतर सांगितलं, आधी सांगायला हवं होतं.

नेटवरच्या आकड्यांबद्दल एकच सांगतो. स्टीफन जे गुल्ड म्हणून मोठे जीवशास्त्रज्ञ होते, १९८२ मध्ये त्यांना मेसोथेलिओमा, म्हणजे आतल्या अवयवांच्या आवरणाचा कॅन्सर निघाला, तेव्हा त्यात पेशंट किती जगतात याची मीडियन, म्हणजे मधला आकडा, होती आठ महिने. त्यांनी डोकं चालवलं की मीडियन म्हणजे निम्मे लोक त्याच्या पुढे जगले आणि त्या पुढच्या बाजूची शेपटी खूप लांब असते. ते गेले २००२ मध्ये, वीस वर्षांनी, तेही दुसऱ्याच कॅन्सरने. याचा अर्थ तुम्हीही वीस वर्षं जगाल असं मी म्हणत नाही, कोणीच म्हणू शकत नाही. आकडा हा हजारो माणसांचा असतो, तो तुमच्यासमोर बसून तुमचं वय आणि रिपोर्ट बघून बोलत नाही, एवढंच. आणि रात्री बघू नका, रात्री कुठलाही आकडा दुप्पट दिसतो.

आता माणसांचा आधार. यात मी बऱ्याच चुका केल्या. सगळे म्हणतात काही लागलं तर सांग, आणि आपण कधीच सांगत नाही कारण सांगायचं म्हणजे हात पसरल्यासारखं वाटतं. बायकोने शेवटी माझं ऐकलंच नाही, एका कागदावर कामं लिहिली, मुलीला क्लासला सोडणं, मेडिक्लेमचे कागद, सायकलनंतर दुसऱ्या दिवशीचा डबा, आणि जो कोणी ते वाक्य म्हणेल त्याला त्यातलं एक काम द्यायला लागली. लोक खूश झाले हो! त्यांनाही काहीतरी करायचंच होतं. नणंदेकडे, म्हणजे माझ्या बहिणीकडे, बातम्यांचं खातं दिलं, रिपोर्ट आला की ती एकटी सगळ्यांना कळवणार, आम्हाला कुणी फोन करायचा नाही. हे आधी का नाही सुचलं असं झालं, कारण तेच तेच वीस जणांना सांगणं ही वेगळी केमोच असते.

काही जवळचे गायब होतील, याची तयारी ठेवा. माझा कॉलेजपासूनचा मित्र सहा महिने फिरकला नाही, आणि ऑफिसमधला एक, ज्याच्याशी माझं चहापुरतंही नव्हतं, तो दर सायकलला गाडी घेऊन हजर, गाडीत आजाराचं अवाक्षर नाही, नुसतं क्रिकेट. मित्र नंतर आला, रडला, म्हणाला माझे वडील याच आजाराने गेले, मला तुला बघवलं नसतं. मी माफ केलं, पूर्ण केलं का ते विचारू नका.

तुमच्यासारखं आजारपण असलेल्यांचा गट सापडला तर जा. १९८९ च्या एका अभ्यासाने अशा गटात बसणाऱ्या बायका जास्त जगल्या असं म्हटलं होतं, मग २००१ मध्ये पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या २३५ जणींवर नीट तपासलं तर आयुष्य वाढलं नाही पण दुखणं आणि मनाचा त्रास कमी झाला, विशेषतः ज्यांना आधी जास्त त्रास होता त्यांचा. मला तेवढं पुरेसं आहे. माझा गट म्हणजे खरं तर शेजारच्या खुर्चीतल्या एक शिक्षिका होत्या, निवृत्त. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं की लाल औषध चढलं की लघवी लाल होईल, घाबरू नका, ते रक्त नसतं. हे मला कोणी सांगितलं असतं तर डॉक्टरांनीच, पण मी विसरलो असतो, त्यांचं लक्षात राहिलं. त्या आता नाहीत. प्रार्थनेत त्यांचं नाव घेतो.

एका गोष्टीत मात्र कडक राहा. देवाचं नाव घेऊन कोणी म्हणालं की केमो सोडा, श्रद्धा ठेवा, तर त्याला दारातूनच परत पाठवा, तो कितीही भला असो. माझ्या लांबच्या नात्यात एकांनी असं सोडलं होतं, सहा महिन्यांनी परत आले तेव्हा डॉक्टरांच्या हातात फार काही उरलं नव्हतं. आणि कोणी पॅलिएटिव्हच्या डॉक्टरकडे पाठवलं तर शेवट आला असं समजून हादरू नका, दुखणं, मळमळ, झोप, भीती हे सगळं ते बघतात, आणि ते उपचार चालू असतानाच सुरू करता येतं.

केमो ठरली असेल तर थर्मामीटर आजच आणून उशाशी ठेवा. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, त्या काळात ताप १००.४ किंवा त्याच्या वर गेला तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजलेले असले तरी हॉस्पिटल गाठायचं. मी एकदा सकाळची वाट बघितली होती, आयसीयूत चार दिवस काढले.

माझा पुढचा चेकअप एकवीस तारखेला आहे. चार वर्षं झाली तरी आदल्या रात्री पोटात गोळा येतोच, त्या रात्री तीनला मी जागाच असेन. तुम्हीही जाग्या असाल तर इथे लिहा, काहीही लिहा, शिव्या लिहिल्यात तरी चालेल.