डोलकाठी अर्ध्यावर का डोलते?

प्रश्न : माझी २२ फुटी शिडाची होडी आहे, ट्रेलरवरून नेतो. डोलकाठी ७.५ मीटर लांब, वजन २५ किलोच्या आसपास, बुडाशी बिजागरी. मी केबिनच्या छपरावर उभा राहून ती खांद्यावर घेतो आणि बायको पुढून फोरस्टेला (काठीला पुढून धरणाऱ्या तारेला) दोर बांधून ओढते. सुरुवातीला तिच्याने ती तसूभरही हलत नाही. गेल्या खेपेला अर्ध्यावर आली आणि डावीकडे कलंडली. कशीबशी सावरली. माझी साठी उलटली आहे. ट्रेलरच्या विंचने (दोर गुंडाळून ओढणाऱ्या चरकीने) ओढली तर चालेल का?
— एक वाचक

उत्तर : ‘खांद्यावर घेतो’ हे वाचूनच माझा खांदा दुखायला लागला. पहिली दोन वर्षं मीही हेच केलं, आणि माझं स्वतःचं वजन ५२ किलो!

आधी वहिनींची बाजू घेते. त्यांचा जोर कमी पडत नाही, दोराचा कोन चुकतो आहे. डोलकाठी मागच्या टेकूवर आडवी असते तेव्हा तिच्या वरच्या भागापासून नाळेपर्यंतचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापर्यंतचा, दोर जवळजवळ तिच्याच अंगालगत जातो. त्या ओढीने काठी उचलली जात नाही, उलट बिजागरीत रेटली जाते. तुमच्या मापांवर हिशेब मांडला. टेकूवर १५ अंशांचा कल, दोर काठीवर ६ मीटरवर बांधलेला, नाळ बिजागरीपासून २.५ मीटर पुढे. दोरात २०० किलोच्या आसपास ताण हवा. वहिनींच्या जागी पैलवान आणला तरी बिचारा घामाघूम होईल.

उपाय म्हणजे जिन पोल. सुमारे २ मीटरचा एक दांडका, बुडाशी डोलकाठीच्या पायाजवळ, काठीशी काटकोनात. काठी आडवी असताना तो जवळजवळ उभा असतो. त्याच्या टोकापासून एक दोर काठीच्या वरच्या भागाला, दुसरा नाळेकडे. आता तोच हिशेब करा : ताण ५०-६० किलोंवर येतो. नाळेकडच्या दोरात मेनशीटच्या (मुख्य शीड आवळायच्या दोराच्या) चार पदरी कप्प्या घातल्या तर हाताला १५ ते २० किलो लागतील, घर्षण धरून. काठी जसजशी वर जाईल तसा पोल पुढे झोपत जातो आणि ओझंही उतरत जातं. वेगळा दांडका नसेल तर बूम, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा, चालतो. फक्त पोलच्या टोकाला दोन्ही बाजूंनी आवळदोर द्या, नाहीतर तो पहिल्याच ओढीला बाजूला आडवा पडतो.

आता कलंडण्याचं. लोकांना वाटतं वजन हा खरा शत्रू. माझ्या मते तो नाहीच, कारण वजन कळतं, त्याच्याशी बोलता येतं. डोलकाठी आडवी पाडते ती बाजूच्या तारांची ढिलाई. या तारा, म्हणजे श्राउड, काठी पूर्ण उभी असतानाच ताणलेल्या राहतात. त्यांची खालची टोकं बहुतेक होड्यांवर बिजागरीच्या रेषेपेक्षा खाली आणि जरा मागे असतात, त्यामुळे काठी मागे कलली की त्या लोंबकळतात. तुमच्या होडीवर पुढच्या खालच्या श्राउड असतील तर त्यांचं उलटं : काठी मागे नेताना त्या ताणल्या जातात, म्हणून आधी सोडायच्या. थोडक्यात, मधल्या टप्प्यात तुमच्या काठीला बाजूने कुणीच धरलेलं नव्हतं. वारा आला किंवा होडीने ट्रेलरवर अंग टाकलं, एवढंच निमित्त.

त्यासाठी दोन तात्पुरते दोर. वरचं टोक काठीवर स्प्रेडरच्या (श्राउड बाजूला ताणून धरणाऱ्या आडव्या दांड्यांच्या) खाली, खालचं टोक एका कडीला. ती कडी दोन्ही बाजूंना बिजागरीच्या खिळ्याच्या अगदी सरळ रेषेत आणि त्याच उंचीवर यायला हवी. डेकवरच्या पुढच्या-मागच्या दोन बिंदूंना दोराचे दोन पाय बांधून कडी तिथे अधांतरी ठेवता येते. ती रेषेत असेल तर काठी वर येताना दोराची लांबी बदलत नाही, म्हणून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ताठ राहतो. पहिल्यांदा बसवायला माझी अख्खी दुपार गेली. बोटभर चुकलं की वर येताना एक बाजू आवळते आणि दुसरी ढिली पडते. सुतारासारखी चिकाटी ठेवा. एकदा जमलं की गाठींवर रंगीत दोरा गुंडाळून खूण करून ठेवा.

विंच? चालते, पण मला नको वाटते. एका शनिवारी माझ्या डावीकडच्या श्राउडचा टर्नबकल (तार आवळायचा स्क्रू) डेकवरच्या खोबणीत आडवा अडकला होता. मी विंच फिरवत राहिले, कारण विंचला अडथळा जाणवत नाही, ती फक्त ओढते. कडकड ऐकून थांबले तोवर टर्नबकलचा बोल्ट आकड्यासारखा वाकला होता. बहीण खाली उभी राहून ‘थांब, थांब’ म्हणत होती आणि मला वाटलं ती ‘थोडं अजून’ म्हणते आहे! मेनशीटच्या कप्प्यांत अडथळा हातालाच कळतो : सरळ येणारा दोर एकदम जड होतो. तेव्हा थांबा, चक्कर मारून सगळे टर्नबकल, स्प्रेडरभोवतीच्या हॅलयार्ड (शीड चढवायचे दोर), बॅकस्टे (काठीला मागून धरणारी तार) पाहून या. बॅकस्टे मात्र आधीपासून जोडलेला हवा, नाहीतर काठी उभी होऊन पुढेच निघून जायची.

उतरवताना एकच गोष्ट दचकवते. फोरस्टे सोडला तरी उभी काठी लगेच मागे येत नाही. बॅकस्टे हलकेच ओढा, ती कलली की कप्प्यांवर भार येईल. दोर क्लीटला (दोर अडकवायच्या खुंटीला) एक वेढा घेऊनच सोडा, आणि खाली मांजरसुद्धा नको.

प्रश्न : डोलकाठी आवारातच उभी करून ट्रेलर पाण्यापर्यंत नेला तर? दोनशे पावलंच आहेत.

उत्तर : नको. त्या दोनशे पावलांत विजेची एक जरी तार आडवी असेल तरी नको. अॅल्युमिनियम वीज वाहून नेतं, कार्बन फायबरही. उच्च दाबाच्या तारेतून तर काठी टेकायच्या आधीच ठिणगी उडी मारू शकते. डेकची उंची, काठी आणि टोकावरचा अँटेना धरून बेरीज करा. ७.५ मीटरची काठी जमिनीपासून १० मीटरच्या आसपास पोचते. काठी पाण्याजवळच उभी करा, आणि हात लावायच्या आधी मान वर करून चारी बाजूंना पाहा. ट्रेलर गाडीला जोडलेला, चाकांखाली ठोकळे, होडी पट्ट्यांनी बांधलेली.

प्रश्न : पुलाखालून जायला पाण्यातच काठी खाली घेता येईल?

उत्तर : येईल, बाजूचे दोर असतील तर. दुसऱ्या बोटीची लाट येताना दिसली तर ती ओसरेपर्यंत थांबायचं.