उधारीच्या वह्या रद्दीत घालाव्यात का?

प्रश्न : वडील यंदा गेले. लालबागला चाळीच्या तळमजल्यावर त्यांचं किराण्याचं दुकान होतं. पोटमाळा आवरताना लाल कापडी बांधणीच्या उधारीच्या वह्या निघाल्या. १९८२-८३च्या वह्यांत कितीतरी खात्यांवर 'जमा'ची बाजू कोरीच आहे. भाऊ म्हणतो, रद्दीत घाल. तराजू मात्र त्याला हवाय. एका खातेदाराचा मुलगा आता आमच्याच सोसायटीत राहतो. त्याला सांगावं का? आणि वसूल करायचंच नव्हतं, तर बाबांनी लिहिलं तरी कशाला?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. लिहिलं, कारण न लिहिता दिलेलं गिऱ्हाईक घेत नाही. माझी आई शिवडीला दुकान चालवायची. १८ जानेवारी १९८२ला कामगारनेते दत्ता सामंतांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार घरी बसले. "मावशी, मांडून ठेवा हं," म्हणत बायका पिशवी पुढे करायच्या आणि आईनं पेन उचललेलं दिसेपर्यंत काउंटरपासून हलायच्या नाहीत. फुकट दिलं असतं तर पुन्हा आल्या नसत्या. (त्यात आमचा धंदा पार बसला, हेही खरं. घाऊक व्यापारी काही आम्हाला मांडून देत नव्हता.)

वही वाचताना आकडे सोडा, माल वाचा. आईच्या वहीत गिरणीच्या साळखात्यातल्या, म्हणजे विणकाम विभागातल्या, एकाचं खातं आहे. नाव नाही, नुसतं 'दुसरा माळा, कोल्हापूरवाले'. संपाआधी तांदूळ, तूरडाळ, गोडेतेल, गूळ, लाइफबॉय, पोरांच्या लिमलेटच्या गोळ्या. आधी गोळ्या गेल्या. मग साबण. मग तूरडाळीच्या जागी मसूर आली. पावसाळ्यात उरली चहापूड आणि साखर, तीही आठ-आठ आण्यांची. पुढे पान कोरं. गावी गेले असणार. तेव्हा कोकणातली आणि घाटावरची कितीतरी बिऱ्हाडं तशीच निघून गेली. संप मागे घेतल्याचं कुणी रीतसर जाहीर केलंच नाही. आईनंही त्या खात्याखाली रेघ मारली नाही.

अशी पानं तुमच्याकडेही असतील. रद्दीवाला किलोचा भाव देईल, एवढंच.

कायद्यानं म्हणाल, तर दुकानातल्या अशा उधारीची मुदत साधारण तीन वर्षांत संपते. वसुलीचा विषय कधीच मिटलाय. सोसायटीतल्या त्या मुलाला काही सांगू नका. तुमच्या बाबांनी त्याच्या वडिलांची अडचण चारचौघांत कधी काढली नाही, ती तुम्ही लिफ्टमध्ये काढू नका. त्यानं आपणहून दुकानाची आठवण काढली तर खुशाल बोला, पण रक्कम सांगू नका. उद्या एखाद्या अभ्यासकाला वह्या दाखवल्यात, तर नावं आणि खोली नंबर झाकून दाखवा.

वह्यांना कसर लागली असेल. मऊ ब्रशनं पान न् पान झटका, दिवसाच्या उजेडात फोटो काढा, मग जुन्या धुतलेल्या सुती कापडात बांधून कोरड्या कपाटात आडव्या ठेवा. फाटल्या जागी चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको.

तराजू भावाला देऊन टाका. फक्त वजनंही त्याच्याकडेच जाऊ द्या, नाहीतर दर दिवाळीला तो ती मागत बसेल.